ट्रायग्लिसराइड उतरलं, पण एलडीएलचं काय?
भाकरी-भात सोडून मटणावर राहिलं की ट्रायग्लिसराइड (रक्तातली एक चरबी) उतरतं आणि हृदय सुरक्षित राहतं, असं एका लेखात म्हटलंय. त्यातलं ट्रायग्लिसराइड उतरतं, हे बरोबर. तेवढ्यावर हृदय सुरक्षित म्हणणं घाईचं. मटणातल्या संपृक्त मेदामुळं (तुपासारख्या थिजणाऱ्या चरबीमुळं) एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, ओढून घेणारे यकृतातले रिसेप्टर (पेशींवरचे ग्राहक) कमी पडतात, मग एलडीएल रक्तातच फिरत राहतं. काहींचं एलडीएल 190 (मिग्रॅ/डेसिली) च्या वर जातं. एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) वजा करा, उरलेला आकडा साधारण 130 च्या आत हवा, मधुमेह्यांना आणखी कमी. वजन झपाट्यानं उतरताना आकडे हलतात, स्थिरावल्यावर तपासा. आपल्या बेळगाव-खानापूरकडं आधी चरबीचे तुकडे आणि रश्श्यावरचा तवंग काढा. पांढऱ्या रश्श्यातलं नारळाचं दूधही संपृक्तच, बरं का! मासे, मेथी, शेपू वाढवा. इन्सुलिन चालू असेल तर डॉक्टरांकडून डोस बदलून घेतल्याशिवाय भाकरी सोडू नका, साखर एकदम खाली येते.