खुलासा : सग्वारो निवडुंग केवळ वटवाघळांवर अवलंबून नाही

‘वटवाघळे संपली, तर खांबासारख्या वाढणाऱ्या एकाही निवडुंगाला फळ धरणार नाही’ असा मजकूर सध्या फिरत आहे. तो अर्धाच खरा आहे. मेक्सिकोच्या उष्ण कटिबंधातील तेवाकान खोऱ्यात वटवाघळे वर्षभर मुक्कामाला असतात आणि तिथल्या अनेक उंच निवडुंगांची रात्री उमललेली फुले सकाळी मिटत असल्याने परागीभवनासाठी त्यांची सारी भिस्त खरोखरच वटवाघळांवर असते. उत्तरेकडील सोनोरा वाळवंटात मात्र वटवाघळे स्थलांतर करून येतात. त्यांची संख्या दरवर्षी सारखी नसते. तिथल्या सग्वारो या खांबासारख्या उंच निवडुंगाचे पांढरे, मेणचट फूल रात्री उमलून दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत उघडे राहते, त्यामुळे मकरंदासाठी फुलात डोके खुपसणारे होले आणि मधमाश्याही परागीभवन घडवतात. तेवाकानचा धोका खरा आहे. तो सरसकट सगळ्यांना लावणे चूक आहे.