न्यायमूर्तींची फाईल कोण वाचतं?

२०२५ च्या जुलैअखेरीस लागोपाठच्या दोन दिवसांत दोन नावं पुढे सरकली आणि त्या दोन्हींवरून मी एकाच फोनवर भांडले. २८ जुलैला दिल्लीत कॉलेजियमनं, म्हणजे न्यायमूर्तींची नावं सुचवणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या ज्येष्ठ न्यायमूर्तींच्या गटानं, मुंबई उच्च न्यायालयासाठी तीन वकिलांची नावं मंजूर केली. त्यांतल्या आरती साठे आधी भाजपच्या प्रदेश प्रवक्त्या होत्या. जानेवारी २०२४ मध्ये त्यांनी ते पद सोडलं होतं. २९ जुलैला वॉशिंग्टनमध्ये सिनेटनं, म्हणजे अमेरिकी संसदेच्या वरच्या सभागृहानं, एमिल बोव्ही यांच्या नेमणुकीवर शिक्कामोर्तब केलं, ५० विरुद्ध ४९ मतांनी. बोव्ही हे राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांचे आधीचे खासगी वकील, नंतर न्याय विभागातले वरिष्ठ अधिकारी. अमेरिकेतली केंद्रीय अपील न्यायालयं ‘सर्किट’ नावाच्या विभागांत वाटलेली आहेत; ज्या थर्ड सर्किट अपील न्यायालयात ते गेले त्याच्याच हद्दीत, न्यू जर्सीत, मी राहते.

फोनवर माझा मावसभाऊ होता. तो संभाजीनगरच्या खंडपीठात पंचवीस वर्षं वकिली करतो. घरच्या ग्रुपवर त्या आठवड्यात दोनच बाजू होत्या. ‘पक्षाची बाई न्यायमूर्ती कशी?’ आणि ‘राजीनामा दिलाय ना, मग विषय संपला.’ मी लिहिलं, ‘त्यांनी चालवलेलं एक तरी प्रकरण कुणी वाचलंय का?’ त्यावर दादाचा थेट फोन आला.

“तुमच्याकडे सगळं वाचायला मिळतं ना गं? मग वाचून काय उजेड पडला? पन्नास-एकोणपन्नासच ना शेवटी?”

दादाचं बोलणं झोंबलं, कारण त्यात तथ्य होतं. तरी मी माझ्या म्हणण्यावर ठाम आहे, आणि ते का, हे जरा सविस्तर सांगायला हवं.

अपील न्यायालयाचा न्यायमूर्ती नेमकं काय करतो, हे मी इथे एकदा डोळ्यांनी पाहिलं. ओळखीतल्या एका कुटुंबावर हद्दपारीचा आदेश झाला होता. असे आदेश इमिग्रेशनच्या अपील मंडळानंही कायम ठेवले की तीस दिवसांच्या आत थेट सर्किटच्या अपील न्यायालयात धाव घ्यावी लागते. त्यापुढे सर्वोच्च न्यायालय आहे खरं, पण ते वर्षाकाठी जेमतेम साठ-सत्तर प्रकरणं ऐकतं. म्हणजे बहुतेकांसाठी शेवटचा शब्द इथलाच. फिलाडेल्फियाच्या मार्केट स्ट्रीटवरच्या इमारतीत आम्ही मागच्या बाकावर बसलो होतो. समोर तीन न्यायमूर्ती. साक्षीदार नाही, पुरावे नाहीत, ज्यूरी नाही. दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा मिनिटं, आणि वकिलाच्या समोर वेळ दाखवणारा छोटा दिवा. सरकारी वकिलानं बोलायला सुरुवात केली तोच मधल्या न्यायमूर्तींनी विचारलं, “रेकॉर्डमध्ये तुम्ही ज्या पानाचा हवाला दिलाय, तिथे साक्षीदार असं म्हणतच नाही. तुम्ही दुसऱ्या कुठल्या पानाबद्दल बोलताय का?” वकील पानं उलटत राहिला. दिवा पिवळा झाला. माझ्या शेजारी बसलेल्या त्या घरच्या आजींना इंग्रजी येत नव्हतं, पण कुणीतरी आपले कागद शेवटपर्यंत वाचलेत हे त्यांना कळलं. त्यांनी माझा हात घट्ट धरला.

तेव्हापासून अपील न्यायालयासाठी कुणाचं नाव आलं की मी एवढंच बघते: हा माणूस कागद वाचतो का, विरुद्ध बाजूचं म्हणणं प्रामाणिकपणे मांडून मग खोडतो का, आणि आपल्याला नेमणाऱ्याच्या विरोधात लिहायची वेळ आली तर त्याचा हात थरथरेल का. खालच्या न्यायालयात साक्षीदाराचा चेहरा वाचता आला पाहिजे, उलटतपासणी सांभाळता आली पाहिजे. इथे लिखाणाला महत्त्व आहे. न्यायमूर्तीची खुर्ची आधी न भूषवलेला माणूसही इथे उत्तम ठरू शकतो. हेन्री फ्रेंडली १९५९ साली थेट वकिलीतून सेकंड सर्किटवर आले आणि अमेरिकेतल्या सर्वांत मानल्या गेलेल्या अपील न्यायाधीशांपैकी एक ठरले. म्हणून ‘बोव्ही कधी न्यायाधीशच नव्हते’ हा आक्षेप मला कधीच पटला नाही.

मला पटला तो दुसरा आक्षेप. न्याय विभागात आधी काम केलेल्या नऊशेहून अधिक वकिलांनी सह्या करून विरोध कळवला. न्यायालयाचे आदेश धुडकावायची भाषा बोव्हींनी केल्याचं विभागातल्याच एका वकिलानं लेखी सांगितलं. बोव्हींनी ते सुनावणीत नाकारलं. खरंखोटं मी ठरवू शकत नाही. पण अपील न्यायाधीशाकडे असलेला मोठ्यात मोठा अधिकार म्हणजे सरकारला ‘नाही’ म्हणण्याचा. नेमक्या त्याच बाबतीत शंका उभी राहिली असेल, तर ती फिटेपर्यंत सिनेटनं थांबायला हवं होतं. सिनेट थांबलं नाही.

मग उघड्या फाईलचा उपयोग काय? दादाच्या प्रश्नाला माझं उत्तर असं. इथे उमेदवाराला सिनेटच्या समितीची लांबलचक प्रश्नावली भरावी लागते आणि ती कुणालाही वाचता येते. आजवरचं सगळं लिखाण, भाषणं, स्वतः चालवलेली सर्वांत महत्त्वाची दहा प्रकरणं, आणि त्या प्रत्येकात समोर उभ्या असलेल्या वकिलाचं नाव आणि संपर्क. न्यायाधीश असेल तर त्याचे कुठले निकाल वर फिरवले गेले, तेही. या सगळ्याला घटनेत आधार शोधू नका. अमेरिकेच्या घटनेत अशा न्यायाधीशासाठी वयाची, अनुभवाची, कायद्याच्या पदवीची, कसलीच अट नाही. ही पद्धत सवयीनं घडत गेली, आणि सवय मोडायला वेळ लागत नाही. अमेरिकन बार असोसिएशन ही वकिलांची देशव्यापी संघटना १९५३ पासून उमेदवारांना पारखून मत देत आली, पण २०२५ मध्ये न्याय विभागानं तिला उमेदवारांची माहिती देणंच थांबवलं.

तरीही फाईल उघडी असते तेव्हा काय होऊ शकतं ते २०१७ च्या डिसेंबरात दिसलं. वॉशिंग्टनच्या जिल्हा न्यायालयासाठी मॅथ्यू पीटरसन यांचं नाव होतं. लुइझियानाचे सिनेटर जॉन केनेडी यांनी एकेक करून विचारलं: ज्यूरीपुढे खटला चालवलाय? दिवाणी? फौजदारी? राज्याच्या न्यायालयात? प्रत्येक उत्तर ‘नाही’. मग तज्ज्ञांच्या साक्षीबद्दलचा पायाभूत नियम विचारला, तोही नीट सांगता आला नाही. काही दिवसांत पीटरसन यांनी नाव मागे घेतलं. विचारणारा सिनेटर नेमणाऱ्या राष्ट्राध्यक्षांच्याच पक्षाचा होता. बंद दारामागे हे प्रश्न कुणी विचारलेच असते असं मला वाटत नाही.

आता आपल्याकडे. राज्यघटनेच्या अनुच्छेद २१७ मध्ये अट आहे: भारताचा नागरिक, आणि दहा वर्षं न्यायिक पद किंवा दहा वर्षं उच्च न्यायालयातली वकिली. एवढं भरलं की माणूस पात्र. पात्रता नसल्यामुळे नेमणूक शपथेआधीच रद्द झाल्याचं एक उदाहरण आहे, १९९२ चं, गुवाहाटी उच्च न्यायालयासाठीचं. पण पात्र असणं आणि लायक असणं या दोन वेगळ्या गोष्टी, आणि लायकीत आम्ही शिरणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी २०२३ मध्ये, मद्रास उच्च न्यायालयावरच्या व्हिक्टोरिया गौरी यांच्या नेमणुकीला आव्हान दिलं गेलं तेव्हा, सांगितलं. तिकडे याचिका फेटाळली जात होती आणि इकडे मद्रासला शपथविधी होत होता. म्हणजे लायकी ठरवायची ती कॉलेजियमनं, आणि ती कशी ठरली हे विचारायला नंतर जागाच नाही. मग निदान ठरवतानाचे कागद तरी दिसायला नकोत का? साठे यांच्या वेळी जाहीर झालं ते तीन नावं आणि मंजुरीची तारीख.

कागद नसले की लोक पक्षाचा शिक्का बघतात. शिक्क्यानं काही कळत नाही, हे मुंबईला तरी सांगायला नको. बद्रुद्दीन तय्यबजी १८८७ ला काँग्रेसचे अध्यक्ष होते, १८९५ ला मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती झाले आणि १८९७ ला राजद्रोहाच्या खटल्यात टिळकांना जामीन त्यांनीच दिला. पुढे सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झालेले कृष्ण अय्यर आधी केरळात नंबुद्रीपादांच्या मंत्रिमंडळात होते. त्यांच्याइतका कैद्यांचा विचार कुणी केला? उलट बहरुल इस्लाम काँग्रेसचे खासदार, मग न्यायमूर्ती, आणि १९८३ ला सर्वोच्च न्यायालयाचा राजीनामा देऊन पुन्हा राज्यसभेत. तिघांचीही पार्श्वभूमी राजकीयच. साठे यांच्यावर नुसतं ‘प्रवक्त्या’ म्हणून तुटून पडणारे मला म्हणूनच अर्धवट वाटतात, आणि ‘राजीनामा दिला’ म्हणून हात झटकणारेही. वीसेक वर्षांच्या वकिलीचं काय, ते कुणीच बोललं नाही. बोलणार कशाच्या जोरावर?

आपल्याकडे हे जमणारच नाही, असं मात्र कुणी सांगू नये. जानेवारी २०२३ मध्ये कॉलेजियमनं सरकारचे आक्षेप आणि स्वतःची उत्तरं चक्क जाहीर केली होती. मुंबईसाठी सुचवलेले वकील सोमशेखर सुंदरेशन यांच्याबद्दल आक्षेप होता की ते समाजमाध्यमांवर मतं मांडतात. कॉलेजियमनं लिहिलं की मत मांडल्यानं माणूस अपात्र होत नाही. त्या नोव्हेंबरात ते मुंबई उच्च न्यायालयात रुजू झाले. तो ठराव मी इथे रात्री जागून वाचला होता. पहिल्यांदाच वाटलं की आपल्यालाही यावर साधकबाधक बोलता येईल. मे २०२५ मध्ये तर कुठल्या उमेदवाराचं कुठल्या न्यायमूर्तींशी नातं आहे, हेही संकेतस्थळावर आलं. नातं सांगता येतं, तर काम का नाही?

दादाला मी एवढंच म्हटलं. सिनेट नको, तिथला तमाशा नको, मतदान नको. उमेदवाराचं वार्षिक उत्पन्न शिफारशीत बघतातच; त्यापेक्षा त्यानं स्वतः लढवलेली दहा प्रकरणं, त्यातले लेखी युक्तिवाद, आणि समोरच्या वकिलाचं दोन ओळींचं मत, सहीनिशी, शपथविधीच्या महिनाभर आधी संकेतस्थळावर टाका.

“सहीनिशी?” दादा म्हणाला. “अगं, बार रूममध्ये सगळ्यांना माहीत असतं कोण पेपरबुक वाचून येतो आणि कोण नुसता आवाज चढवतो. पण माझं नाव घालून लिहू? उद्या त्याच्यासमोरच उभं राहायचंय मला. अशिलाचं काय करू?”

“इथल्या वकिलांनाही उभं राहायचंच असतं, दादा.”

“ते सगळे देतात नाव?”

“सगळे नाही. पण नऊशे जणांनी दिलं.”

तो बराच वेळ गप्प होता. मागून सकाळच्या बोर्डावरचे नंबर वाचणाऱ्या त्याच्या ज्युनिअरचा आवाज येत होता. मग म्हणाला, “एकाचं चांगलं लिहायचं असेल तर लिहीन मी. तिथून सुरुवात होईल का?”