बिनशिक्क्याच्या बरणीचं घराणं

पुण्याच्या जुन्या बाजारात चिनी मातीची बरणी दिसली की आधी ती उलटी करून बूड बघा. तिथे काहीच छापलेलं नसेल तर अभिनंदन! शिक्का असता तर त्याचं ऐकावं लागलं असतं. आता बरणीचं कुळ, गोत्र आणि वय ठरवायला तुम्ही मोकळे.

शिक्क्यांवर तसाही कोणी विश्वास ठेवू नये. एकोणिसाव्या शतकातले चिनी कारागीर आपल्या मालावर दीड-दोनशे वर्षांपूर्वीच्या कांगशी बादशहाचं नाव बिनदिक्कत घालत. कधी पूर्वजांबद्दलच्या आदरापोटी, कधी गिऱ्हाइकाबद्दलच्या अनादरापोटी. शिक्का नसण्याला मात्र वजन आहे. अमेरिकेच्या १८९० च्या जकात कायद्यामुळे १८९१ पासून तिथे येणाऱ्या मालावर तो बनला त्या देशाचं नाव घालणं सक्तीचं झालं. तेव्हा चारचौघांत ठणकावून सांगा, “नाव नाही, म्हणजे १८९१ च्या आधीची!” हा कायदा फक्त अमेरिकेत उतरणाऱ्या मालाला होता, हे सांगायची गरज नाही. कागदी लेबलही चालायचं आणि ते धुण्यात निघून जायचं, हेही नको. आणि तुमची बरणी बहुधा गुजरातेतल्या थानगढहून किंवा उत्तर प्रदेशातल्या खुर्ज्याहून आली असावी, हे तर मुळीच नको.

टिचकी मारून बघू नका. धड भांडं खणखणतं, केसाएवढी चीर असली तरी बद्द वाजतं. विकणाऱ्याने बरणीत चिंध्या का कोंबल्यात, हे विचारणं असभ्यपणाचं. मोबाईलचा टॉर्चही आत धरू नका. पातळ पोर्सिलेनमधून उजेड पलीकडे झिरपतो. लोणच्याच्या जाडजूड बरणीतून सूर्यही दिसायचा नाही. दोन्ही बाजूंना वरपासून खालपर्यंत उभी रेघ असेल तर तो साच्याचा सांधा. तिला हस्तकला म्हणा, साचा शेवटी हातानेच उघडतात.

बुडाची कड मात्र भिंगातून बघावी, कारण बघताना तुम्ही फार जाणकार दिसता. खरी झीज वेडीवाकडी असते. बरणी वर्षानुवर्षं फडताळात मागे-पुढे सरकते, कोणी ती शहाबादी फरशीवरून ओढतं, कोणी जागच्या जागी फिरवतं. ओरखडे सगळ्या दिशांना जातात आणि टेकणाऱ्या भागावरच उठतात. आतला खोलगट भाग कोराच राहतो. ओरखडे सगळीकडे आणि एकाच दिशेला, कवायतीला उभे राहिल्यासारखे असतील, तर ते पॉलिश पेपरचे. अशा वेळी बरणी शिस्तप्रिय घराण्यातली होती असं समजा. झिलईवरच्या बारीक तड्यांची तपकिरी जाळी कडक चहाच्या पाण्यातही तयार होते, पण आपण चहा फक्त प्यायचा असतो असं मानून पुढे जावं.

झाकणाच्या खाचेत मोहरीची डाळ सापडली तर? चीनच्या मिंग राजांनाही जेवताना तोंडी लावायला काहीतरी लागत असेलच की.

किमतीसाठी एकच उदाहरण पाठ करा. न्यूयॉर्कमध्ये एका कुटुंबाने तीन डॉलरला घेतलेला पांढरा वाडगा चीनच्या सोंग काळातला, हजारेक वर्षांपूर्वीचा निघाला आणि २०१३ मध्ये सदबीजच्या लिलावात बावीस लाख डॉलरच्या वर गेला. तीन डॉलरचे बाकीचे वाडगे तीन डॉलरचेच राहिले, त्याची बातमी होत नाही. इंटरनेटवर किंमत शोधताना विकणाऱ्याने मागितलेला आकडा बघा. ती वस्तू त्या भावाला कोणी घेतली का, हे बघू नका. घरी आल्यावर मावशी म्हणेल, “अगं, यात आपण कैरीचं लोणचं घालायचो, दादरा बांधून!” मावशीला कलेतलं काय कळतंय?

एक अडचण तेवढी राहते. आपल्याकडच्या १९७२ च्या कायद्यानुसार शंभर वर्षांवरची अशी वस्तू पुरावशेष ठरते. मग ती देशाबाहेर पाठवता येत नाही आणि परवान्याशिवाय तिचा धंदाही करता येत नाही. त्यामुळे न्यूजर्सीच्या भाच्याला बरणी पाठवायची वेळ आली की दिवाणखान्यातलं तिचं दीडशे वर्षांचं वय झपाट्याने उतरू लागतं. ‘ही वस्तू पुरावशेष नाही’ असा दाखला पुरातत्त्व खात्याकडून मिळतो, त्यासाठी अर्ज करा. बरणीच्या नावाने निघालेला हा पहिलाच अधिकृत कागद असेल. तो फ्रेम करून भिंतीला लावू नका, एवढं पथ्य पाळा.