न वाचता नष्ट करावे

कंपनीचे मेल बाहेरच्यांच्या हाती पडू नयेत असं वाटतं ना? मग प्रत्येक मेलखाली नऊ ओळींची सूचना चिकटवा: 'हा मजकूर गोपनीय आहे. चुकून मिळाल्यास न वाचता नष्ट करावा.' ती तळालाच हवी. म्हणजे माणूस सगळं वाचून झाल्यावर न वाचण्याच्या विनंतीपाशी येतो. लिंबू-मिरचीसुद्धा दर शनिवारी बदलावी लागते, हिला तेवढाही खर्च नाही.

पासवर्ड दरमहा बदलायची सक्ती करा. लोक इमानेइतबारे 'गणपती1'चा 'गणपती2' करतात. ओटीपीची कटकट मात्र साहेबांना माफ असावी. चोराला हवी असते तीही साहेबांचीच पेटी, तेव्हा दोघांचीही सोय.

अकाउंट्समधल्या ताईंना शंका घेऊ देऊ नका. इंग्रजी नावातला 'एम' काढून तिथे 'आर' आणि 'एन' शेजारी बसवले, तर चष्मा लावूनही फरक कळत नाही. अशा पत्त्यावरून 'आमचं बँक खातं बदललंय' असा मेल आला की पैसे भरून मोकळं व्हावं. जुन्या नंबरवर फोन करून विचारायचं म्हणजे इतक्या वर्षांच्या पार्टीवर अविश्वास! त्यात मार्चएण्ड.

शंका आलीच तर आयटीला विचारावं. 2016 साली हिलरी क्लिंटन यांच्या प्रचारसमितीचे अध्यक्ष जॉन पोडेस्टा यांना गूगलच्या नावाने 'पासवर्ड बदला' असा बनावट मेल आला, तेव्हा त्यांच्या माणसांनी रीतसर विचारलंच होतं. उत्तर आलं, मेल खरा आहे. लिहिणाऱ्याला म्हणे 'खोटा' लिहायचं होतं; इंग्रजी शब्दातली पहिली दोन अक्षरं राहून गेली. पुढे पोडेस्टांचे हजारो मेल साऱ्या जगाने वाचले.

आणि चोर नाही आला तर चौकशी येते. एन्रॉन (हो, आपल्या दाभोळवाली) 2001 मध्ये बुडाली, आणि अमेरिकेच्या ऊर्जा नियामकाने 2003 मध्ये तिचे लाखो मेल खुले केले. त्यात जेवणाचे बेतही होते. संशोधकांनी पुढे त्याच मेलवर संगणकाला स्पॅम ओळखायला शिकवलं. समाजकार्य, दुसरं काय!

सोडून गेलेल्या माणसाचं खातं बंद करण्याचा कद्रूपणा करू नका. त्याच्या घरच्या जीमेलवर आपोआप प्रती जातात, त्याही जाऊ द्या. समोरच्या कंपनीत लागला म्हणून काय झालं, आपली नवी दरपत्रकं त्यालाही वेळेवर मिळायला हवीत.