डॅलसचा अपघात विजेमुळे झाला नव्हता
२ ऑगस्ट १९८५ रोजी अमेरिकेतील डॅलस येथे उतरताना डेल्टा या विमान कंपनीचे विमान वीज पडून कोसळले, असा संदेश इंदूरच्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप गटांत फिरत आहे. तारीख बरोबर आहे, कारण चुकीचे आहे. गडगडाटी ढगातून वेगाने खाली येणाऱ्या हवेच्या झोतामुळे, म्हणजेच मायक्रोबर्स्टमुळे, विमानाला आधी समोरून जोराचा वारा लागला, मग ते खाली दाबले गेले आणि लगेच वारा मागून आल्याने पंखांवरील हवेचा वेग घटला. सावरण्याइतकी उंची उरली नव्हती. वीज बहुधा विमानाच्या धातूच्या आवरणावरून निघून जाते. मात्र १९६३ मध्ये पॅन ॲम या अमेरिकी कंपनीचे विमान विजेने इंधनटाकीत स्फोट होऊन पडले होते. संदेश लिहिणाऱ्याला हे खरे उदाहरण सापडू नये, याचे नवल वाटते. वादळात इंदूरला उतरणारे विमान घिरट्या घालते, ते मुख्यतः अशा वाऱ्यांपासून दूर राहण्यासाठी.