‘वीस हजारांत आय७ गेमिंग पीसी’: त्या मेसेजमधली एकेक ओळ

परीक्षा संपल्या की हा मेसेज फिरायला लागतो. शब्द थोडे इकडचे तिकडे, मजकूर तोच: ‘गेमिंग पीसीवर साठ-सत्तर हजार घालवू नका. वीस हजारांत आय७ प्रोसेसर, ४ जीबी ग्राफिक्स कार्ड, १६ जीबी रॅम, ४५० वॅटचा एसएमपीएस. सगळे गेम मक्खन चालतात. ब्रँडच्या नादी लागू नका, पक्कं बिल घेऊ नका, १८ टक्के वाचतात.’

माझ्या बहिणीने यावर विश्वास ठेवून भाच्याला असा पीसी घेऊन दिला. वर्षभराने तो मी स्वतः उघडला. तिने वर्षभर भिशीत साठवलेले पैसे त्यात गेले होते. म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय.

‘आय७ म्हणजे आय७’

आय७ हे एका प्रोसेसरचं नाव नाही. इंटेलचा पहिला आय७ २००८ मध्ये आला आणि त्यानंतरच्या प्रत्येक जनरेशनमध्ये आय३, आय५, आय७ येत राहिले. जनरेशन कळते ती पुढच्या आकड्यावरून. २६०० म्हणजे दुसरी, ३७७० म्हणजे तिसरी, १२१०० म्हणजे बारावी. मेसेज हा आकडा कधीच लिहीत नाही. भाच्याच्या पीसीत होता आय७-२६००, म्हणजे २०११ चा. त्यात चार कोअर (प्रत्यक्ष काम करणारे भाग) आणि आठ थ्रेड (एकाच वेळी हाताळता येणारी कामं) आहेत. २०२२ मध्ये आलेल्या आय३-१२१००एफमध्येही चार कोअर आणि आठ थ्रेडच आहेत, पण त्याचा एकेक कोअर साधारण दुप्पट काम करतो. गेमला नेमकं हेच लागतं. म्हणजे ‘मोठ्या’ आय७ला ‘लहान’ आय३ सहज मागे टाकतो.

मदरबोर्डचं खोकं नवंकोरं होतं, त्यामुळे बहिणीला सगळंच नवं वाटलं. बोर्ड एच६१ चिपसेटचा; चिपसेट म्हणजे बोर्डवरची मुख्य चिप. असे बोर्ड आजही नव्याने बनून दुकानात येतात, पण तो चिपसेटही २०११ चाच.

खरा त्रास पुढे झाला. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या जनरेशनपासून पुढे चालतं. दुकानदाराने पळवाट काढून ते इन्स्टॉल करून दिलं आणि भाचा खूश झाला. मग त्याने व्हॅलोरंट उघडला आणि पडद्यावर ‘व्हॅन ९००१’ हा एरर आला. विंडोज ११ वर हा गेम टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि सिक्युअर बूट (फक्त खात्रीचं सॉफ्टवेअर घेऊनच पीसी सुरू करणारी सोय) मागतो, आणि त्या बोर्डवर टीपीएम २.० नव्हतंच. ज्या गेमसाठी एवढा हट्ट केला, तोच गेम सुरू होईना. शिवाय या प्रोसेसरला एव्हीएक्स२ नावाच्या सूचनाच कळत नाहीत, आणि त्यांच्याशिवाय चालू न होणारे गेम आता येऊ लागलेत.

‘४ जीबी ग्राफिक्स कार्ड’

मेसेजमधली सगळ्यात जास्त फसवणारी ओळ हीच. कार्डावरची मेमरी किती आहे एवढ्यावर कार्डाची ताकद कळत नाही. गच्चीवरची टाकी कितीही मोठी असली तरी खाली येणारा पाइप अर्ध्या इंचाचा असेल तर बादली भरायची त्याच वेगाने भरणार. भाच्याच्या पीसीत एनव्हिडियाचं जीटी ७३० होतं, डीडीआर३ या जुन्या प्रकारच्या मेमरीचं. त्यातून सेकंदाला १४.४ जीबी डेटा जातो. जीटीएक्स १६५० हे २०१९ चं कार्डसुद्धा ४ जीबीचंच, पण त्यातून सेकंदाला १२८ जीबी जातो. दोन्ही खोक्यांवर ‘४ जीबी’ तितक्याच मोठ्या अक्षरात छापलेलं असतं आणि फरक जवळजवळ नऊपट.

जीटी ७३० हे २०१४ चं कार्ड आहे. त्याच्या पिढीला नव्या गेमसाठीचे ड्रायव्हर मिळणं २०२१ मध्येच बंद झालं. मॉनिटरला चित्र दाखवायला, ऑफिसच्या कामाला ते ठीक. गेमिंग कार्ड म्हणून ते विकणं मला पटत नाही.

जुनी कार्डं दुसऱ्याच नावाने विकण्याचा प्रकारही चालतो. चिप जुनी, बायोस (कार्डात भरलेलं मूळ सॉफ्टवेअर) बदललेला, त्यामुळे विंडोजमध्ये नाव जीटीएक्सचं दिसतं. सेकंडहँड कार्ड घेताना जीपीयू-झेड हे फुकट सॉफ्टवेअर पेनड्राइव्हवर घेऊन जा. एनव्हिडियाचं असं बनावट कार्ड ते बहुतेक वेळा ओळखतं आणि नावापुढे ‘फेक’ लिहून दाखवतं. मग अर्धा तास तिथेच गेम चालवून बघा. जो विकणारा याला नाही म्हणतो, त्याच्याकडून घेऊ नका.

‘एसएमपीएस कुठलाही चालतो’

एसएमपीएस म्हणजे घरातली वीज पीसीच्या पार्टांना पुरवणारा डबा. इथे मी जरा जास्त थांबणार आहे, कारण इथे नुसते पैसे जात नाहीत, आगीची भीती असते.

दिवाळीत जमलेल्या पैशांतून भाच्याने सेकंडहँड आरएक्स ५८० घेतलं. कार्ड चांगलं होतं, मीच तपासून दिलं होतं. एसएमपीएस बघायचा मात्र माझ्याकडून राहिला. त्याने ते त्याच पीसीत बसवून घेतलं. गेम सुरू झाला की दहाव्या मिनिटाला पीसी बंद. त्याला वाटलं गेम करप्ट आहे. तीनदा डाऊनलोड केला.

मी गेलो, कॅबिनेटचं झाकण काढलं आणि आधी वास आला. आरएक्स ५८० ला वेगळी आठ पिनची पॉवर लागते. त्या एसएमपीएसला आठ पिनची वायर नव्हतीच, म्हणून जुन्या हार्ड डिस्कच्या दोन वायरींवरून कन्व्हर्टर काढला होता. त्याचं पांढरं प्लास्टिक कडेने तपकिरी पडलं होतं. मी ते बोटाने दाबलं तर तुकडा पडला.

एसएमपीएस बाहेर काढून स्टिकर वाचला. मोठ्या अक्षरात ४५०, पण पुढे ‘वॅट’ कुठेच नाही. ते मॉडेलचं नाव होतं. खाली बारीक तक्ता होता. त्यात १२ व्होल्टच्या रकान्यात १६ अँपिअर. बारा गुणिले सोळा, म्हणजे १९२ वॅट. प्रोसेसर आणि कार्ड दोघंही १२ व्होल्टवरच चालतात. आरएक्स ५८० एकटं १८५ वॅटपर्यंत जातं आणि आय७-२६०० ची मर्यादा ९५ वॅट. बेरीज २८०. पीसी बंद पडत होता हे नशीबच म्हणायचं.

हा तक्ता प्रत्येक एसएमपीएसवर असतो आणि हा गुणाकार कुणालाही जमतो. दुकानात उभं राहून करा. ४५० वॅटच्या चांगल्या एसएमपीएसमध्ये १२ व्होल्टवर ३५ अँपिअरच्या आसपास मिळतात. त्यावर ८० प्लसचं (वीज कमी वाया जाते असं सांगणारं) चिन्ह आणि कार्डासाठी मूळची सहा अधिक दोन पिनची वायर असावी. हातात घेतला तरी वजनात फरक जाणवतो. आपल्याकडे लाइट ये-जा करते, व्होल्टेज खालीवर होतं, तेव्हा हा डबाच बाकी पीसी वाचवतो. पहिल्या बिल्डमध्ये काटकसर कुठेही करा, इथे नको.

‘१६ जीबी आहे ना, मग झालं’

१६ जीबी ठीकच आहे. पण कुठली? त्या पीसीतली रॅम डीडीआर३, म्हणजे पुढे नवा बोर्ड घेतलात तर ती त्यात बसणारच नाही. प्रोसेसर, बोर्ड आणि रॅम तिन्ही एकदम बाद. याउलट एएम४ सॉकेटचा (एएमडीचे रायझन प्रोसेसर बसतात तो) चांगला बोर्ड घेतला तर आज रायझन ५ ५५०० आणि दोन वर्षांनी त्याच बोर्डवर त्याहून दमदार प्रोसेसर बसतो.

आणि १६ ची एक स्टिक घेण्यापेक्षा ८ च्या दोन घ्या. डीडीआर४-३२०० च्या एका स्टिकवर सेकंदाला २५.६ जीबी डेटा जातो, दोन स्टिक दोन चॅनेलवर (वेगवेगळ्या वाटांवर) लावल्या तर ५१.२. वेगळं कार्ड नसेल आणि प्रोसेसरमधल्याच ग्राफिक्सवर खेळायचं असेल तर या फरकाने गेम अडखळतो किंवा चालतो. दुकानातून निघण्याआधी बोर्डच्या बायोसमध्ये एक्सएमपी (रॅम पूर्ण वेगाने चालवणारी सेटिंग) चालू करून घ्या, नाहीतर ३२०० ची रॅम कमी वेगाने चालत राहते.

‘वीस हजारांत’

नव्या पार्टांचा, खरोखर गेम चालवणारा पीसी वीस हजारांत बसत नाही. २०२५ च्या शेवटी रॅमचे भाव भडकल्यापासून तर अजिबातच नाही. पैसे कमी असतील तर मी सांगेन की कार्ड आत्ता घेऊच नका. रायझन ५ ५६००जी (याच्या आतच ग्राफिक्स असतं), एएम४ बोर्ड, ८ च्या दोन स्टिक, एसएसडी आणि चांगला एसएमपीएस घ्या. व्हॅलोरंटसारखे हलके गेम त्यावर आरामात चालतात, आणि सहा-आठ महिन्यांनी त्यातच कार्ड बसवता येतं.

एक गोष्ट मेसेजमध्ये बरोबर आहे: पहिल्या पीसीला लाखभर लागत नाहीत. लाइटवाले पंखे, समोर काचेचं कॅबिनेट, पाण्याचा कूलर, हे सगळं सोडून द्या. समोर जाळी असलेलं साधं कॅबिनेट आपल्या उन्हाळ्यात जास्त उपयोगी.

‘बिल घेऊ नका’

दहा हजारांच्या वस्तूवर जीएसटीचे १८०० रुपये वाचतात, हे खरं. पण त्यासोबत वॉरंटीचा कागदही जातो. तो भाजलेला कन्व्हर्टर घेऊन बहीण दुकानात गेली, तेव्हा तिच्याकडे होती फक्त पेनने लिहिलेली चिठ्ठी, ‘पीसी सेट १’. त्यावर ना सीरियल नंबर, ना तारीख. समोरच्याने पार्ट आमचे नाहीतच असं सांगितलं आणि तिला उलट बोलता आलं नाही.

या मे महिन्यात मी भाच्याला घेऊन मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात गेलो. आरएक्स ५८० तेच ठेवलं, बाकी सगळं बदललं. प्रत्येक पार्टचा सीरियल नंबर बिलावर त्याने स्वतः उभं राहून लिहून घेतला.