ग्रेप म्हणजे द्राक्ष

साडूच्या प्रमोशनची पार्टी होती, पुण्यातल्या एका पॉश हॉटेलात. समोर उंच ग्लासात फिकट गुलाबी काहीतरी येऊन उभं राहिलं, वर पुदिन्याची काडी. मी वेटरला विचारलं, "यात ग्रेपफ्रूट आहे का?" गुन्हा एवढाच.

"द्राक्षं नाहीत सर. सीझन संपला."

"द्राक्षं नव्हे हो, ग्रेपफ्रूट."

"तेच ना सर. ग्रेप म्हणजे द्राक्ष, फ्रूट म्हणजे फळ."

यावर काय बोलणार? "पपनसासारखं असतं," म्हटलं, तर तो म्हणाला, "पपई पण नाही. आत विचारून येतो." तो गेला तो गेलाच.

तेवढ्यात शेजारच्या टेबलावरचे काका खुर्चीसकट वळले. एसीमुळे कानटोपी घातलेली.

"काय त्रास आहे तुम्हाला?"

"त्रास नाही. कोलेस्टेरॉलची गोळी चालू आहे."

"कुठली?"

"अ‍ॅटोरव्हास्टॅटिन."

"एलडीएल, ते वाईट कोलेस्टेरॉल, किती?"

मी उत्तर का दिलं, देव जाणे. तोंडी परीक्षेची सवय असावी. "एकशे अठ्ठ्याहत्तर."

"एकशे अठ्ठ्याहत्तर!" काकांनी हा आकडा स्वतःच्या टेबलाला, मग पलीकडच्या बर्थडे पार्टीला कळवला. काकू "अगं बाई" म्हणाल्या आणि माझ्या ताटाकडे बघू लागल्या. ताटात मलई कबाब होता. दुसरा.

"गोळ्या सोडा," काका म्हणाले. "सकाळी अनशापोटी लसणाची पाकळी. आणि या फळाचं काय खूळ?"

मी समजावलं. आतड्यात एक एन्झाइम असतं, ते बरंचसं औषध रक्तात पोचण्याआधीच मोडतं. ग्रेपफ्रूट त्या एन्झाइमलाच निकामी करतं, मग औषध अंगात जास्त उतरतं आणि स्नायू दुखू शकतात. १९८९ साली कॅनडात हे कळलं तेही योगायोगानं. प्रयोगात दारूची चव लपवायला हा रस वापरला होता.

काकांच्या कानात फक्त 'दारू' शिरलं. "ती घेता का?"

खरं तर माझ्या गोळीच्या माहितीपत्रकातला इशारा रोज १.२ लिटरहून जास्त रसाचा आहे. एका ग्लासानं काही बिघडणार नव्हतं. पण हे मला सांगायचं कोणी? डॉक्टर दोन मिनिटांत तूप आणि चालणं यावर बोलून पुढच्या पेशंटकडे. केमिस्ट पट्टी अशी कापतो की नाव त्याच्याकडे राहतं आणि एक्सपायरी कचऱ्यात. आतला कागद मी आजवर पाहिलेला नाही. म्हणून पहाटे दोनला मोबाईलवर वाचायचं आणि घाबरायचं. वर साठीच्या माणसानं हॉटेलात फळांची चौकशी केली की तो चक्रम.

काकांनी खिशातून छोटी डबी काढली. त्यातून एक गोळी निघाली.

"ही कसली?"

"रोसुव्हा. कोलेस्टेरॉलचीच. डॉक्टर ऐकत नाहीत ना." मग माझ्या ग्लासाकडे बोट करून, "या गोळीला तुमच्या फळाचं काही नाही ना?"

"नाही," मी म्हणालो. खरं बोलायची खोड.

"मग द्या इकडे, वाया कशाला घालवता?" त्यांनी गोळी त्याच रसाबरोबर गिळली, पुदिना काढून माझ्या ताटात ठेवला, आणि "छान आहे हो" म्हणाले.

बिल आलं. साडू चष्मा विसरला होता, म्हणून मीच मोठ्यानं वाचलं. मलई कबाबनंतरची ओळ होती: पिंक ग्वाव्हा कूलर, तीनशे चाळीस रुपये.

पेरू. मला पेरू फार आवडतो.